प्रतिपक्षालाही न्याय देणारे वादपटू : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

मिलिंद राजा आणि भदन्त नागसेन यांचा संवाद बौद्ध साहित्यात प्रसिद्ध आहे. राजाने चर्चेची इच्छा व्यक्त करताच नागसेनांनी एक अट घातली. चर्चा विद्वानांच्या रीतीने व्हावी, राजाच्या रीतीने नव्हे. विद्वानांच्या वादात मुद्दा खोडला जातो, चूक दाखविली जाते व ती मान्यही केली जाते; तरी कोणी रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सार्वजनिक जीवन या अटीच्या कसोटीवर पाहण्याजोगे आहे. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांच्या हाती बहुधा सत्ता, धन व रूढी होती. बाबासाहेबांच्या हाती होता तो युक्तिवाद.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत संस्कृत शिकण्याची मुभा मिळाली नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या ग्रंथांच्या आधारे आपल्याला हीन ठरविले गेले, ते ग्रंथ समजून घेतल्याविना त्यांना उत्तर देता येणार नाही, हे ओळखून त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट जाणून घ्यावे, ही त्यांच्या वादपद्धतीची पहिली पायरी होय.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथील चर्चासत्रात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून मांडल्या आणि तपासल्या. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून कीर्ती पावलेले विद्वान. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या अमरावतीत झाले होते. केतकरांनी जातीचा विचार सुटा न करता संपूर्ण व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय बाबासाहेबांनी मोकळेपणाने दिले. त्यानंतरच त्यांनी उणीव दाखविली. जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत. कारण पहिली बंदी घातली की दुसरी गोष्ट आपोआप घडते. गुण मान्य करून दोष दाखविल्याने टीकेचे बळ घटत नाही, उलट वाढते, याचा हा वस्तुपाठ आहे.

लंडनमध्ये सिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताचा प्रतिवाद केला. ग्रंथाची प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तिच्यातच अनेक युक्तिवाद आपणास मान्य नसल्याचे नमूद केले. तरीही ती प्रस्तावना ग्रंथाच्या अग्रभागी छापली गेली.

मायदेशी मात्र वाद कागदावर राहणार नव्हता. अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, या मागणीने वऱ्हाड ढवळून निघाला होता. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. डॉ. पंजाबराव देशमुख मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे होते. लोक सत्याग्रहास सिद्ध असतानाही मंदिराच्या पंचांना विचारासाठी अवधी देण्यात आला व सत्याग्रह पुढे ढकलला गेला. संघर्षाची तयारी ठेवूनही समोरच्याला विचार करण्याची संधी देणे, हाही वादधर्माचाच भाग आहे.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपद दिले. परंतु भाषणातील काही भाग बदलावा, असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. पुढील वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली व तिच्याजवळ आपले उत्तर ठेवले. त्या उत्तराची भाषा तिखट आहे. पण निर्णय करण्यासाठी लागणारे दोन्ही पक्ष वाचकाच्या हाती आहेत. आपल्या बाजूविषयी खात्री असलेला मनुष्यच असे करू शकतो.

संविधान सभेत तर मसुद्यावरील शेकडो दुरुस्त्यांना उत्तर देण्याचा भार प्रामुख्याने त्यांच्यावरच होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाचे भाषण करताना त्यांनी सतत विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांचे नावे घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना स्वीकारता आल्या नाहीत. मात्र त्यांनी प्रश्न उपस्थित केल्यामुळे संविधानामागील तत्त्वे स्पष्ट करण्याची संधी मिळाली, अशी त्यांची भूमिका होती. त्या नावांत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर एका बाजूस असलेली ही दोन माणसे सभागृहात मतभेद बाळगू शकली व त्या मतभेदाचा सन्मानही झाला.

औरंगाबाद येथे बाबासाहेबांनी उभारलेले महाविद्यालय मिलिंद या नावाने व त्याचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पण त्या दोन नावांतून त्यांची अपेक्षा अजूनही आपल्यापुढे उभी आहे.

आज जयंतीच्या व्यासपीठांवर आपली मुले तडाखेबंद भाषणे करतात. टाळ्याही मिळतात. परंतु मुलाखतीच्या खोलीत, न्यायालयात वा ग्रामसभेत प्रतिप्रश्न आला की पाठांतर अपुरे पडते. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना नम्र सूचना करावीशी वाटते. पाल्य वक्तृत्वस्पर्धेची तयारी करू लागला की त्याला आधी विरुद्ध बाजू लिहायला सांगावी, आणि तीही अशी की त्या बाजूच्या माणसाने वाचून मान डोलवावी. त्यानंतरच त्याने आपले उत्तर लिहावे. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्याच्या मुलांनी केवळ मोठ्याने बोलून भागणार नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण असले पाहिजे.