माणसांचा पारखी : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्यापैकी पुष्कळ घरांतून 'स्त्री' मासिक आवडीने वाचले गेले आहे. ते १९३० साली एका नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघू लागले, हे मात्र सगळ्याच भगिनींना ठाऊक नसेल. नांगराच्या कारखान्यात मासिक कसे निघाले, याचे उत्तर कारखान्याच्या धन्याच्या स्वभावात आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकायला ते मुंबईस गेले. पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि ती वाट बंद झाली. यंत्रांची रेखाटने मात्र उत्तम जमत. तेवढ्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावास बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान सांभाळले. पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले चाळीस नांगर दोन वर्षे तसेच पडून राहिले!

बेळगावच्या म्युनिसिपालिटीने उपनगर वाढविण्यासाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ माळरान आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० च्या मार्चमध्ये सुमारे पंचवीस कुटुंबे त्या निवडुंगाच्या, नागसापांच्या माळावर राहायला गेली. कडेवर मूल घेऊन तिथे चूल मांडणाऱ्या त्या बायकांची नावे कुठे लिहिलेली आढळत नाहीत, याची मला नेहमी चुटपुट लागते.

एवढ्या आडरानात शिकलेला इंजिनिअर कोण येणार? आणि आला तरी पगार कुठून द्यायचा? लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्र न पाहता माणसाचा कल पाहिला. रामूअण्णांकडे वसाहतीची सारी व्यवस्था सोपविली. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत. अनंतराव फळणीकर तर शाळा अर्धवट सोडलेले. पण यंत्राची कल्पना लढवावी ती त्यांनीच. पुतणे शंकरराव चित्रकार. लोखंडाच्या भट्टीपाशी चित्रकाराचे काय काम, असे दुसऱ्या धन्याने विचारले असते. इथे त्यांच्याकडे जाहिराती आल्या, त्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' आणि पुढे आपली 'स्त्री' निघाली. आपल्या पापड विभागाला प्रमुख नेमताना आपण आधी कोण कितवी शिकली ते विचारले होते, ते मला इथे आठवल्यावाचून राहत नाही.

सगळ्यांत धाडसाची नेमणूक रात्रीच्या पहाऱ्याची. त्या काळी इंग्रजांच्या कायद्याने कित्येक जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. लक्ष्मणरावांनी औंध संस्थानच्या तुरुंगात शिक्षा भोगलेली माणसे पहारेकरी म्हणून ठेवली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही त्यांतली नावे. दोघांवरही दरोड्याचे गुन्हे शाबीत झालेले. विचार करा, बाहेर मिट्ट काळोख, घरात लेकरे निजलेली, आणि दाराशी राखणीला दरोडेखोर! वाडीतल्या एखाद्या आईला पहिल्या रात्री झोप लागली नसेल तर नवल नाही. पण दोघेही पुढे वाडीचे भरवशाचे राखणदार झाले. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकीत नाही, त्याच्या हाती धन्याने आपल्या घराची राखण दिली होती. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हाही लक्ष्मणरावांचा दंडक होता, आणि त्या काळी तो सोपा नव्हता.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या माळाजवळच्या रेल्वे स्टेशनाला आता किर्लोस्करवाडी म्हणतात.