प्रथिनांची शर्यत लावणारा माणूस : आर्ने टिसेलियस

बायोटेकवाल्यांना तिसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असतं, हॉस्टेलमध्ये आम्ही त्याला नुसतं ‘जेल’ म्हणतो. (मेकॅनिकलच्या मित्रांनो, हे केसांना लावायचं जेल नाही आणि तुरुंगही नाही!) दोन काचांच्या फटीत एक पारदर्शक, थलथलीत थर जमवायचा, त्याच्या वरच्या खाचांत प्रथिनांचे नमुने सोडायचे आणि विजेचा प्रवाह सुरू करायचा. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. शेवटी जेल निळ्या रंगात बुडवलं की पट्टे दिसतात, त्यांचा फोटो जर्नलमध्ये चिकटवला की सबमिशन झालं. याचं भारदस्त नाव इलेक्ट्रोफोरेसिस.

व्हायव्हाला यावर एक ठरलेला प्रश्न असतो, या तंत्राचा जनक कोण? उत्तरही ठरलेलं, टिसेलियस. त्यापुढे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मला मात्र या माणसाबद्दल कुतूहल वाटलं. त्याला कारण म्हणजे प्रॅक्टिकलच्या आधी सुरक्षेच्या नियमांचं जे लांबलचक पान आमच्याकडून सही करून घेतात, त्यातलं सगळ्यात वरचं विषारी नाव, म्हणजे ॲक्रिलामाइड, टिसेलियस यांच्या यंत्रात नव्हतंच. मग ते आलं कुठून?

आर्ने टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्वीडनमध्ये स्टॉकहोमला झाला. १९०६ साली वडील वारले, तेव्हा आर्ने जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. वडिलांकडचे नातेवाईक गोथेनबर्गला होते म्हणून आई त्याला घेऊन तिकडे गेली. शाळा तिथेच झाली आणि रसायनशास्त्राची गोडीही तिथेच लागली. १९२१ मध्ये तो अपसाला विद्यापीठात दाखल झाला. तिथे थिओडोर स्वेडबर्ग हे मोठे शास्त्रज्ञ होते. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात प्रथिनं प्रचंड वेगाने गरागरा फिरवून त्यांचं वजन काढायचं, हे त्यांचं काम. १९२५ पासून टिसेलियस त्यांचे मदतनीस झाले आणि पुढच्याच वर्षी गुरूंना नोबेल मिळालं. गुरू असे असले की शिष्याचं कठीणच असतं म्हणा.

टिसेलियस यांच्या वाट्याला दुसरा रस्ता आला. प्रथिनं फिरवायची नाहीत, विजेने ओढायची. द्रावणातल्या प्रत्येक प्रथिनावर कमी-जास्त विद्युतभार असतो. दोन बाजूंना धन आणि ऋण टोकं लावली की प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगाने विरुद्ध टोकाकडे निघतं. याच विषयावर १९३० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला, डॉक्टरेट मिळाली, त्याच वर्षी लग्नही झालं. पण प्रथिनं नीट वेगळी होत नव्हती, सीमारेषा पुसट यायच्या. ते स्वतः या कामावर खूश नव्हते. त्यांनी विषय चक्क बाजूला ठेवला आणि झिओलाइट नावाच्या खनिजांत पाणी आणि वायू कसे शिरतात याचा अभ्यास सुरू केला. १९३४-३५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप घेऊन ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिथे प्रथिनांवर काम करणारी माणसं भेटली आणि असं लक्षात आलं, की जीवशास्त्राचं गाडं प्रथिनं वेगळी करण्याच्या चांगल्या पद्धतीवाचून अडलं आहे. परत आल्यावर त्यांनी जुनं काम नव्याने हातात घेतलं.

आता जे सांगणार आहे ते इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडेल, कारण खरी अडचण रसायनाची नव्हती, उष्णतेची होती. द्रावणातून वीज गेली की ते तापतं. तापलेलं द्रावण हलकं होऊन वर येतं, थंड खाली जातं आणि या घुसळणीत प्रथिनांच्या सीमा विस्कटतात. प्रवाह कमी ठेवावा तर शर्यतच संपत नाही. टिसेलियस यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. गोल नळीऐवजी चपटी, आयताकृती पोकळी असलेली यू आकाराची नळी घेतली, म्हणजे उष्णता चटकन बाहेर पडेल. आणि सगळं यंत्र शून्याच्या थोडंसं वर, चार अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलं. पाण्याची घनता चार अंशाला सर्वांत जास्त असते हे आपण आठवीत पाठ केलेलं आहे. त्या टोकाजवळ तापमान थोडं इकडे-तिकडे झालं तरी घनता फारशी बदलत नाही, म्हणून घुसळणही होत नाही. आठवीतल्या त्या एका वाक्यावर पुढे नोबेल मिळेल असं कोणाला वाटलं असतं? रंगहीन प्रथिनांच्या सीमा दिसाव्यात म्हणून प्रकाश वाकण्याचा उपयोग केला. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, साधारण तेच तत्त्व.

१९३७ मध्ये हे यंत्र जगासमोर आलं. एका जीवरसायनाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला होता, यात भौतिकशास्त्रच फार आहे म्हणून. शेवटी तो फॅरडे सोसायटीच्या अंकात छापून आला. घोड्याच्या रक्तातला सीरम या यंत्रात घातल्यावर अल्ब्युमिन वेगळं झालंच, पण ग्लोब्युलिनचेही तीन भाग पडले. त्यांना टिसेलियस यांनी अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं दिली. १९३९ मध्ये एल्विन कबाट यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं, की रोगांशी लढणाऱ्या अँटिबॉडी या गॅमा भागात असतात. १९३८ पासून ते अपसालाला जीवरसायनाचे प्राध्यापक होते. १९४८ मध्ये नोबेल मिळालं, रसायनशास्त्राचं, आणि तेही एकट्याला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिसेलियस यांचं यंत्र वापरून सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसापेक्षा वेगळ्या वेगाने पळतं हे दाखवलं. एखादा आजार रेणूतल्या बदलामुळे होतो याचा हा पहिला पुरावा. आपल्या गडचिरोली, नंदुरबार भागात सिकलसेलची खात्री करायला हिमोग्लोबिनचं इलेक्ट्रोफोरेसिस करतात, ते याच कुळातलं.

पण मूळ यंत्र म्हणजे हत्ती होता. अमेरिकेत बसवलेली सुरुवातीची यंत्रं सुमारे वीस फूट लांब आणि पाच फूट उंच होती. ते चालवायला तयार माणूस लागायचा. धोका होता तो विजेचा आणि तो डोळ्यांना दिसत होता. वीस विद्यार्थ्यांची बॅच त्या यंत्राभोवती उभी करून हात घालायला सांगणं शक्यच नव्हतं.

मग हत्तीचा ससा झाला. १९५५ मध्ये टोरांटोला ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चचं जेल वापरलं. लहानपणी आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची, ती थंड झाली की घट्ट व्हायची, हे त्यांना आठवलं होतं. १९५९ मध्ये अमेरिकेत रेमंड आणि वाइनट्राउब यांनी स्टार्चऐवजी ॲक्रिलामाइड वापरलं आणि १९७० मध्ये केंब्रिजला लेम्ली यांनी त्यात एसडीएसची पद्धत बसवली. तीच आज आम्ही करतो. यंत्र वहीएवढं झालं, स्वस्त झालं, कॉलेजात आलं. धोका मात्र यंत्रातून निघून बीकरमध्ये शिरला, आणि तिथे तो दिसत नाही.

ॲक्रिलामाइडच्या द्रावणाला रंग नाही, वास नाही. ते कातडीतून आत जातं आणि मज्जातंतूंवर परिणाम करतं. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, हे सगळं एका दिवसात होत नाही, साचत जातं. म्हणून एकदा थेंब पडला तर काय होतंय, हे आमच्या बॅचचं आवडतं वाक्य मला धोक्याचं वाटतं. १९९४ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. जेल जमलं की त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि विष जवळजवळ संपतं. जवळजवळ म्हणते, कारण थोडं न जुळलेलं उरतंच. म्हणून तयार जेलही उघड्या हाताने उचलायचं नाही.

आमच्या लॅबमध्ये ॲक्रिलामाइडची पूड विद्यार्थ्यांच्या हाती देतच नाहीत, तयार द्रावण आणतात. हा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण पूड उडते आणि श्वासात जाते. नायट्राइलचे ग्लोव्हज, गॉगल, बंद बूट (चप्पल घालून आलेल्याला मामा दारातूनच परत पाठवतात, मग तो टॉपर असो). ग्लोव्हजवर थेंब उडाला तर ते लगेच बदलायचे. आणि त्याच ग्लोव्हजनी मोबाइल, दाराची कडी, कॉम्प्युटरचा माउस यांना हात लावायचा नाही. खरं सांगू का, या नियमाचे सगळ्यात जास्त बारा वाजतात. ग्लोव्हज घातले की आपण सुरक्षित असं वाटतं, आणि ज्याने घातलेले नाहीत त्याला तीच कडी धरावी लागते.

बाकीची मंडळीही साधी नाहीत. जेल जमवायला घालतात तो टेमेड ज्वालाग्राही आहे, त्याला सडक्या मासळीचा वास येतो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलचा वास तर वर्णन करण्यापलीकडचा, तेही कातडीतून जातं, म्हणून बाटली फ्यूम हूडमध्येच उघडायची. एसडीएसची पूड म्हणजे साबणाचीच बहीण, पण वजन करताना नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, मास्क हवाच. नमुने ९५ अंशांना तापवताना छोट्या ट्यूबची झाकणं उडतात, तोंड जवळ न्यायचं नाही. निळा रंग काढायच्या द्रावणात मिथेनॉल असतं. ते पेट घेतं आणि पोटात गेलं तर डोळे जातात. काम लवकर व्हावं म्हणून ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये निघतात, त्यांना आवरणं हे मित्रांचं काम.

वीज शंभर ते दोनशे व्होल्ट. जेलच्या टाकीतलं पाणी म्हणजे मिठाचं पाणी, वीज आनंदाने वाहून नेणारं. टेबलावर ते सांडलं असेल तर आधी पुसायचं. आधी पॉवर सप्लाय बंद, मग वायर काढायची, मग झाकण. उलटा क्रम कधीही नाही.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही हाही नियम आहे. ट्यूबमध्येच ते घट्ट होऊ द्यायचं आणि घन कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. जास्त द्रावण एकदम जमवायचं नाही, कारण ते जमताना तापतं. एवढ्याशा द्रावणाने काय बिघडतं असं विचारणाऱ्यांसाठी टिसेलियस यांच्या स्वीडनचीच गोष्ट आहे. दक्षिण स्वीडनमध्ये हॅलंडसोस नावाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणत होते. पाण्याची गळती थांबेना, म्हणून १९९७ मध्ये ॲक्रिलामाइड असलेलं मिश्रण खडकांच्या भेगांत भरलं. ते नीट घट्ट झालं नाही आणि पाण्याबरोबर ओढ्यात गेलं. मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाई लुळ्या पडल्या, बोगद्यातल्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. काम बंद पडलं. बोगदा खुला झाला तो थेट डिसेंबर २०१५ मध्ये! या कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी ज्यांचा या प्रकाराशी काहीच संबंध नव्हता अशांचंही रक्त घेतलं, तर त्यांच्यातही ॲक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या. त्याचा माग काढत स्वीडिश संशोधक २००२ मध्ये तळलेल्या आणि भाजलेल्या पदार्थांपर्यंत पोचले. बटाट्याचे वेफर्स करपवले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होतं, हे जगाला तेव्हा कळलं. (मेसवाल्या काकांना मी अजून हे सांगितलेलं नाही.)

टिसेलियस यांच्या आयुष्यात यातलं काही घडायचं होतं. नोबेलनंतर ते स्वतः प्रयोगशाळेत कमी आणि सभांमध्ये जास्त दिसू लागले. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते १९५१ ते १९५५ अध्यक्ष होते, १९६० ते १९६४ नोबेल फाउंडेशनचे. अपसालाच्या त्यांच्या संस्थेत तरुण मंडळी जेलवरच काम करत होती. स्टेलान हियर्टेन यांनी समुद्री शेवाळातून मिळणारं ॲगारोज इलेक्ट्रोफोरेसिससाठी आणलं ते तिथेच. डीएनएच्या प्रॅक्टिकलला आम्ही वितळवतो ते हेच.

शेवटच्या वर्षांत त्यांच्या डोक्यात एक वेगळाच विषय होता. विज्ञानातून जे निघतं त्याचं पुढे काय होतं, याची जबाबदारी कोणाची? त्यांच्या पुढाकाराने नोबेल परिसंवाद सुरू झाले आणि १९६९ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या परिसंवादाचा विषय होता, वस्तुस्थितीच्या जगात मूल्यांना काय जागा आहे. तिथे फक्त शास्त्रज्ञ नव्हते, कवी ऑडेन होते, लेखक कोस्लर होते, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड होत्या, आणि लायनस पॉलिंगही होते, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी टिसेलियस यांच्या यंत्रातून सिकलसेल पाहिला होता. परिसंवादाचं पुस्तक टिसेलियस यांनी सहसंपादक म्हणून काढलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी स्टॉकहोममधली एक बैठक आटोपल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी ते गेले. वय ६९ होतं. लेम्ली यांचा पेपर छापून येऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं.