संपलेल्या युद्धाचा सैनिक

हिरो ओनोदा या जपानी लेफ्टनंटच्या निष्ठेचे गोडवे फार गायले जातात. मला मात्र त्याच्या कहाणीत फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरचे शेतकरी आधी दिसतात.

डिसेंबर १९४४ मध्ये ओनोदा तिथे उतरला. शरण जायचे नाही आणि स्वतःचा जीवही घ्यायचा नाही, असा त्याला हुकूम होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला. विमानातून पत्रके पडली, पुढे घरच्यांची पत्रेही. त्याला तो शत्रूचा कावा वाटला. तिघा साथीदारांपैकी एक १९५० मध्ये शरण आला. दुसरा १९५४ मध्ये आणि तिसरा १९७२ मध्ये गोळीबारात मारला गेला. अखेर मार्च १९७४ मध्ये त्याचे जुने वरिष्ठ, तोवर पुस्तकविक्रेते झालेले मेजर तानिगुची बेटावर आले. त्यांनी हुकूम मागे घेतला, तेव्हाच त्याने बंदूक खाली ठेवली.

राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी माफी दिली. मायदेशी जंगी स्वागत झाले. पण त्या वर्षांत बेटावरची सुमारे ३० माणसे या चौघांच्या हातून मेली होती. १९९६ मध्ये ओनोदाने लुबांगला जाऊन तिथल्या शाळेला १० हजार डॉलर दिले. २०१४ मध्ये, ९१व्या वर्षी तो वारला.

निष्ठा त्याची होती. किंमत मात्र गावकऱ्यांनी मोजली. म्हणून मला ती थोर म्हणवत नाही.