उपवासकाळातील एक वाटाड्या : फादर थॉमस स्टीफन्स



राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी राख लावली जाते आणि उपवासकाळाची वाट सुरू होते. प्रार्थना, उपवास व दानधर्म ही या काळाची तीन अंगे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. या तिन्हींच्या मुळाशी मनपरिवर्तन आहे. परंतु परिवर्तन आधी शेजाऱ्याचे व्हावे, मग आपले, असेच आपणांस बहुधा वाटत असते. म्हणून यंदा आम्ही अशा एका धर्मगुरूचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत, ज्यांनी इतरांना मनपरिवर्तनाचे आमंत्रण देताना प्रथम स्वतःला बदलू दिले. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या अमलात तेथे कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे झाले होते. तरुण स्टीफन्स यांनी मायदेश सोडून रोम गाठले आणि १५७५ साली येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनहून जहाजाने प्रस्थान ठेवले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासात दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व २७ जण दगावले. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. त्यानंतर मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी हा प्रांत त्यांची कर्मभूमी ठरला. तो काळ सोपा नव्हता, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी तेथील देवळे पाडली होती आणि लोकांच्या जुन्या ग्रंथांवर बंदी घातली होती. लोकांच्या मनात संताप धुमसत होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे स्टीफन्स यांचे पाच संघबंधू मारले गेले. पुढे राज्यकर्त्यांनी गावच्या पुढाऱ्यांचाही वध केला. तलवारीच्या धाकाने माणसाचे नाव बदलते, वेष बदलतो. अंतःकरण मात्र बदलत नाही. हे कटू सत्य स्टीफन्स यांच्या डोळ्यांपुढे होते.

अशा परिस्थितीत ते काय करते झाले? ते विद्यार्थी झाले. रोममध्ये विद्याभ्यास केलेला हा पंडित साष्टीतील लोकांची कोंकणी बोली शिकला आणि त्यांच्या ग्रंथांची मराठीही शिकला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते अगदी आरंभीचे होय.

‘ख्रिस्तपुराणा’च्या जन्माची कथा त्या ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण श्रोता पाद्रींपुढे गाऱ्हाणे मांडतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? हा प्रश्न साधा नाही. ज्याच्या ओठांवरील ओवी काढून घेतली, त्याची प्रार्थना मुकी होते. स्टीफन्स यांनी ही भूक ओळखली. त्यांनी आदामापासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची तारणकथा ओवीबद्ध केली. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत असून पहिल्यात जुन्या कराराची व दुसऱ्यात प्रभूच्या जीवनाची, दुःखसहनाची व पुनरुत्थानाची कथा आहे. मराठी भाषेचे गुणगान तर त्यांनी असे केले आहे की आजही मराठी अभ्यासक ते आदराने स्मरतात.

१६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत प्रसिद्ध झाला. १६१९ साली स्टीफन्स प्रभूच्या सन्निध गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी आणली. ग्रंथाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण नष्ट झाले नाही. श्रद्धावंतांनी ते हाताने उतरवून घेतले, गायिले, जपले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध झाले.

आपल्या जालना जिल्ह्याला हा छंद परका नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले तेव्हा समर्थ आठ वर्षांचे होते. गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर येते ती नाथांच्या पैठणावरून. नाथांचे भागवत आणि समर्थांचा दासबोध ओवीतच आहेत, आणि आपल्या आजींनी जात्यावर म्हटली तीही ओवीच. त्याच ओवीत प्रभूचे क्रूस वाहणे गायिले गेले, ही केवढी कृपा!

म्हणून या उपवासकाळात आपण एक छोटा संकल्प करू या. रोज रात्री जेवणानंतर दूरदर्शन संच बंद करून पवित्र शास्त्रातील एक उतारा घरातील सर्वांनी मिळून वाचावा आणि दोन मिनिटे शांत बसावे. जमल्यास शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर ‘ख्रिस्तपुराणा’तील दुःखसहनाच्या काही ओव्या म्हणाव्यात. आणि ज्या माणसाशी आपले बोलणे तुटले आहे, त्याला उपदेश न करता आधी त्याचे म्हणणे ऐकावे. स्टीफन्स यांनी गाऱ्हाणे ऐकले आणि त्यातून पुराण जन्मास आले. आपण ऐकले तर आपल्या घरात काय जन्मास येईल, हे प्रभूच जाणे.

पुनरुत्थित प्रभूच्या सणाला आपण नव्या अंतःकरणाने सामोरे जावे, हीच प्रार्थना.