श्रीसंत नरहरी सोनार : कमरेचे माप

माघ वद्य तृतीया ही श्रीसंत नरहरी सोनार महाराजांची पुण्यतिथी. शके १२३५ च्या माघात, म्हणजे इ. स. १३१४ च्या आरंभी, त्यांनी पंढरीत देह ठेवला असे परंपरा मानते. गावोगावचा सोनार समाज ही तिथी भक्तिभावाने पाळतो. आम्ही पुष्कळ वर्षे या दिवशी महाराजांचे आख्यान लावीत आलो आहोत. डोळ्यांवर पट्टी बांधल्याचा प्रसंग आला की मंडळी आधी गालातल्या गालात हसतात आणि मग हळूच डोळे पुसतात. कथा लहान पोरांनाही पाठ आहे. पण आम्हांस नेहमी वाटते, की कथा सांगता सांगता तिच्यातला सोनार तेवढा मागे राहून जातो. हा चमत्कार कुंभाराच्या घरी का घडला नाही, वाण्याच्या दुकानी का घडला नाही, सोनाराच्याच हाताखाली का घडला, याचा विचार करू गेल्यास चरित्राचे मर्म हाती लागते. तेवढ्यासाठी हा लेख.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. पंढरीचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख प्रसिद्धच आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी कोणी काय दिले त्याच्या नोंदी त्या दगडावर आहेत. म्हणजे देवाला द्रव्य वाहणारे, नवस फेडणारे भाविक तेव्हाही पंढरीत येत होते आणि त्यांच्या देण्याची मोजदाद होत होती. पुढे इ. स. १२९६ हे वर्ष उजाडले. त्याच वर्षी देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली आणि त्याच वर्षी आळंदीस ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. एकीकडे राज्य डळमळत होते, दुसरीकडे चंद्रभागेच्या वाळवंटात नामदेवराय कीर्तनास उभे राहत होते. शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, महार असे नाना जातींचे संत त्या एका नामाभोवती गोळा होत होते. आणि त्याच पंढरीत एक सोनार असा होता, की जो त्या बाजूला फिरकतच नसे.

नरहरीराय कट्टर शिवभक्त. पंढरी विठ्ठलाची खरी, पण तेथे महादेवाचीही जुनी स्थाने आहेत आणि मल्लिकार्जुनाचे देऊळ तर प्रसिद्ध आहे. महाराजांनी पहाटे स्नान करावे, भस्म लावावे, बेल वाहावा आणि मग पेढीवर बसावे. येथवर सारे गोमटेच. पण शिवावर प्रेम करता करता विठ्ठलाचा कंटाळा कधी आला ते त्यांनाही कळले नसेल. विठ्ठलाचे दर्शन तर नाहीच, देवळाच्या कळसाकडेही पाहू नये असा त्यांचा नेम होता असे सांगतात. अहो, ज्या गावात लोक कोसांचे कोस चालत येऊन कळस दिसताच भुईवर लोटांगण घालतात, त्याच गावात राहून कळस न पाहण्याचा नेम! निष्ठा म्हणावी तर ही निष्ठाच. पण निष्ठेला अहंकाराची कीड लागली म्हणजे असे होते.

आता त्यांच्या धंद्याकडे पाहू. सोनारकाम हे एकट्याने खाली मान घालून करण्याचे काम. पुढ्यात शेगडी, हातात फुंकणी, बाजूला मूस, ऐरण, हातोडी, कातरी आणि ताजवा. सोने मुशीत वितळवायचे, त्यात टाकणखार घालायचा, रस ओतून कांब करायची. ती कांब ठोकता ठोकता कडक होते, मग तिला पुन्हा लाल तापवायची, नरम करायची, पुन्हा ठोकायची. साखळी करायची तर कांबीची तार ओढायची, ती सळईवर गुंडाळून कापायची म्हणजे कड्या होतात. मग एकेक कडी दुसरीत गुंतवून झाळायची. आच किंचित जास्त झाली तर कडीचे पाणी होते, कमी झाली तर सांधा धरत नाही. ही आच कोणत्या पोथीत लिहिलेली नाही. ती हाताला आणि डोळ्याला कळावी लागते.

आणि वजन! आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनाराचा सारा हिशेब गुंजेचा. त्याच्या दुकानचा केरसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी तो नेतो आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. अशा धंद्यात लबाडीला वाव फार, म्हणून लोकांनी सोनाराविषयी वाईटसाईट म्हणीही करून ठेवल्या. नरहरीरायांची ख्याती मात्र उलट होती. त्यांच्याकडे दिलेले सोने कसाला उतरायचेच, आणि त्यांनी केलेला दागिना अंगाला असा बसायचा की जणू अंगाबरोबरच वाढला. म्हणूनच पुढचा प्रसंग त्यांच्याच दारी आला.

महिपतिबुवा ताहराबादकर यांनी इ. स. १७६२ मध्ये भक्तविजय ग्रंथ लिहिला. महाराजांच्या मागे सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहिलेला हा ग्रंथ. तोवर ही कथा भक्तांच्या मुखी नांदत होती आणि तेथूनच ती आपल्यापर्यंत आली आहे. कथा थोडक्यात अशी. एका सावकाराला मूलबाळ नव्हते. त्याने विठ्ठलाला नवस केला, की पुत्र झाला तर तुझ्या कमरेला सोन्याचा करगोटा घालीन. देवाने इच्छा पुरविली. सावकार सोने घेऊन पंढरीत आला आणि उत्तम कारागीर कोण म्हणून विचारीत नरहरीरायांच्या पेढीवर पोचला. महाराजांनी काम घेतले, पण देवळात येऊन माप घेण्यास साफ नकार दिला. माप तुम्हीच आणा, मी येणार नाही, असे सांगितले. सावकाराने देवाच्या कमरेचे माप आणून दिले. करगोटा तयार झाला. दृष्ट लागावी असे काम. पण देवाच्या कमरेला घालू जावे तो सैल!

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तुम्हा आम्हांस यात विशेष वाटणार नाही, सैल झाला तर चार कड्या काढाव्यात. पण जन्मभर गुंजेचा हिशेब सांभाळलेल्या कारागिराला माप चुकले हे ऐकणे म्हणजे गवयाला सूर चुकला म्हणून सांगण्यासारखे आहे. महाराजांनी मुकाट्याने कड्या काढल्या. करगोटा पुन्हा देवळात गेला आणि या खेपेला अपुरा पडला. वाढविला तर सैल, काढला तर अपुरा. दोरा तोच, सोने तेच, हातही तेच. मग चुकते कोठे? महाराजांची झोप उडाली असेल. विठ्ठलाचे देऊळ नको हा त्यांचा हट्ट खरा, पण आपले काम खोटे ठरावे हे त्यांना त्याहून सोसेना. भक्तीने जो देवळात गेला नसता त्याला कारागिरीच्या अभिमानाने देवळाकडे ओढले. देव कोणाला कोणत्या वाटेने बोलावील सांगता येत नाही.

शेवटी महाराज देवळात येण्यास कबूल झाले, पण अट घातली. डोळ्यांना पट्टी बांधून येईन, विठ्ठलाला पाहणार नाही, हाताने चाचपून माप घेईन आणि परत जाईन. सावकाराला काय, नवस फिटल्याशी कारण. हात धरून त्याने महाराजांना देवापुढे उभे केले. महाराजांनी हात पुढे केले. कमरेला हात लावतात तो व्याघ्रांबर! हात वर गेला तो गळ्यात सर्प, आणखी वर गेला तो मस्तकी जटा. पाच मुखे, दहा भुजा. हा तर आपला शंकर! रोज ज्याला बेल वाहतो तो! घाईघाईने पट्टी सोडली, तो समोर विटेवरची सावळी मूर्ती, दोन्ही हात कमरेवर. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. पुन्हा सोडली, पुन्हा विठ्ठल. तेव्हा महाराजांना उमगले की दोन देव नाहीतच, दोन म्हणणारा मी आहे. त्यांनी पायांवर मस्तक ठेवले आणि करगोटा घातला. तो बरोबर बसला हे काय सांगायला पाहिजे?

आता आमचा मूळ प्रश्न. हे सोनाराच्याच हाताला का कळावे? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी श्वेतकेतूला मातीचा दृष्टांत देतात आणि लगोलग सोन्याचा देतात. सोन्याचा एक गोळा ओळखला की सोन्याच्या साऱ्या वस्तू ओळखल्या, नाव आणि आकार तेवढे निराळे, खरे ते सोने, असा त्याचा भाव. पाठशाळेत हा पाठ शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना भाष्ये वाचावी लागत. सोनार तो रोज करतो! गिऱ्हाईक जुन्या पाटल्या घेऊन येते आणि गोफ करून मागते. मुशीत घातल्यावर पाटल्या राहत नाहीत, गोफ अजून झालेला नसतो, मध्ये असते ते निव्वळ सोने. नरहरीरायांच्या हातांनी हे हजार वेळा पाहिले होते. पाटल्यांची बाजू घेऊन गोफाशी भांडणारा सोनार कोणी पाहिला आहे काय? पण हातांना जे ठाऊक होते ते त्यांनी देवाच्या बाबतीत कधी लावून पाहिले नाही. डोळ्यांना कपाळावरचा टिळा उभा की आडवा एवढेच दिसत राहिले. देवाने डोळ्यांना बाजूला बसविले आणि हातांची साक्ष काढली. ती साक्ष महाराजांना नाकारता येईना, कारण जन्मभर त्यांनी दुसऱ्या कशावर विश्वास ठेवलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट. आद्य शंकराचार्यांच्या नावे पांडुरंगाष्टक प्रसिद्ध आहे. विठ्ठल कमरेवर हात ठेवून का उभा आहे, याचे त्यात मोठे गोड कारण दिले आहे. माझ्या भक्तांना भवसागर एवढाच खोल आहे, कमरेइतकाच, हे देव हातांनी दाखवितो आहे, असा त्याचा आशय. म्हणजे ती कमर हेच मुळी देवाने भक्तांसाठी दाखविलेले माप! त्या कमरेचे माप दुसऱ्याच्या हाती मागवून कसे जुळावे? सावकाराने आणलेला दोरा खरा होता, पण तो सावकाराचा होता. देवाच्या अंगाला आपला हात लागल्यावाचून ते माप कळत नाही. शास्त्र वाचून, कीर्तन ऐकून, दुसऱ्याच्या अनुभवावर आपला करगोटा घडवू पाहणारे आपण सारेच कधी सैल तर कधी अपुरे पडतो, ते याचमुळे.

यानंतर महाराज वारकरी झाले, नामदेवरायांच्या संतमेळ्यात बसू लागले. पण दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. एक शिवभक्ती. देवाने तरी ती कोठे सोडायला सांगितली होती? त्याने शंकर होऊनच तर हात धरला. शिव आणि विष्णू एकच हे महाराजांनी आपल्या अभंगांतही गाइले आहे. आपल्या संप्रदायाला हे काही परके नाही. निवृत्तिनाथांची गुरुपरंपरा आदिनाथापासून, म्हणजे शंकरापासूनच आली आहे. विठुरायाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे ही आपली श्रद्धा आहे, आणि वारकरी एकादशी धरतो तसा सोमवारही पाळतो.

दुसरी न सोडलेली गोष्ट म्हणजे धंदा. महाराज पेढी बंद करून वाळवंटात जाऊन बसले नाहीत. त्यांचे अभंग थोडेच उपलब्ध आहेत, पण त्यांतला एक साऱ्या महाराष्ट्राच्या मुखी आहे. त्यात त्यांनी स्वतःला देवाचा सोनार म्हणवून घेतले आणि आपले एकेक हत्यार परमार्थाला लावले. देहाची शेगडी केली, तीन गुणांची मूस केली, विवेकाचा हातोडा केला आणि ज्ञानाच्या ताजव्यात नाम जोखले. गंमत अशी की सोनार सोने चोरतो हा लोकापवादही त्यांनी झटकून टाकला नाही. चोरी कबूल केली, पण चोरीचा माल रामनामाचा! असे लिहायला खरा सोनारच पाहिजे. गोरोबाकाकांचा चिखल, सावतोबांचा मळा आणि नरहरीरायांची शेगडी ही एकाच जातीची साधने आहेत.

आज या धंद्यात यंत्रे आली आहेत, साच्यातून शेकडो दागिने एकसारखे निघतात. तरीही खेड्यापाड्यांत एखादा म्हातारा सोनार फुंकणी घेऊन कडीला कडी झाळताना दिसतो. असा कोणी भेटला तर घटकाभर त्याच्याजवळ बसावे. कडी झाळताना तो बोलत नाही, श्वाससुद्धा मोजून सोडतो. नाम घेताना आपले मन तितके एकाग्र होते की नाही, हे आपले आपल्यालाच कळेल. आणि पुढच्या वारीला विठुरायाचे दर्शन झाले म्हणजे लगेच मुक्कामाकडे वळू नका. मल्लिकार्जुनाला बेलाचे पान वाहा, नरहरीरायांच्या समाधीवर डोके ठेवा आणि मग फराळाला बसा.