एका उत्तरावर न विसावणारा भूवैज्ञानिक

भूशास्त्राच्या अभ्यासकापुढे एक अडचण कायम उभी असते. ज्या घटनेचा तो शोध घेतो, ती हजारो किंवा कोट्यवधी वर्षांपूर्वी घडून गेलेली असते. ती प्रयोगशाळेत पुन्हा घडवून आणता येत नाही. हाती उरतात त्या केवळ खुणा. कुठे खडकावरील ओरखडे, कुठे गाळाचे थर, तर कुठे एखाद्या टेकडीचा चमत्कारिक आकार. शिवाय एकाच खुणेमागे अनेक कारणे संभवतात. अशा वेळी विद्यार्थ्याने विचार कसा करावा? खडकांची नावे पाठ करून या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. ज्या मोजक्या शिक्षकांनी हा प्रश्न अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणला, त्यांत अमेरिकन भूवैज्ञानिक थॉमस क्राउडर चेंबरलिन यांचे स्थान फार वरचे आहे.

चेंबरलिन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८४३ रोजी इलिनॉय राज्यातील मॅटून या गावाजवळ झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि शेतीही करीत. ज्या उंचवट्यावर त्यांचे घर होते, तो प्राचीन हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध होता. ज्या विषयाला पुढे आयुष्य वाहिले, त्याच्याच माथ्यावर आपला जन्म झाला, याचे चेंबरलिन यांना नेहमी कौतुक वाटे. ते लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथे स्थलांतरित झाले. तेथील महाविद्यालयातून १८६६ मध्ये ते पदवीधर झाले. नंतर शाळेत मुख्याध्यापकी करून त्यांनी मिशिगन विद्यापीठात वर्षभर विज्ञानाचा अधिक अभ्यास केला आणि १८६९ मध्ये व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात ते निसर्गविज्ञान शिकवू लागले. १८७३ मध्ये बेलॉइट महाविद्यालयात ते भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. संशोधक म्हणून नाव होण्यापूर्वी ते शिक्षक होते, आणि त्यांच्यातील शिक्षक अखेरपर्यंत जागा राहिला.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याचे भूशास्त्रीय सर्वेक्षण सुरू झाले. चेंबरलिन यांच्या वाट्याला राज्याचा आग्नेय भाग आला. खाणमालकांना हवे असलेले धातू तिथे नव्हते. होती ती माती, वाळू आणि गोट्यांची जाडजूड रास. इतरांना नीरस वाटणाऱ्या या राशीत त्यांना हिमयुगाची हकिगत वाचता आली. खळग्यांनी भरलेली टेकड्यांची एक लांबलचक रांग या भागातून जाते. दोन बाजूंनी पसरत आलेल्या हिमनद्यांच्या जिभा जेथे एकमेकींना भिडल्या, तेथे त्यांनी टाकलेल्या ओझ्यातून ही रांग उभी राहिली, असे त्यांनी दाखवून दिले. १८७६ मध्ये ते सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. १८७७ ते १८८३ या काळात विस्कॉन्सिनच्या भूशास्त्राचे चार खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव देशभर झाले. १८८१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय भूशास्त्रीय सर्वेक्षणातील हिमनदी विभागाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. हिमयुग एकदाच आले नाही. बर्फ अनेकदा पसरला आणि अनेकदा मागे हटला, या मताला अमेरिकेत भक्कम आधार मिळवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते.

या क्षेत्रकार्याने त्यांना एक धडा दिला. एकाच जागी हिमनदीचे, नदीचे आणि वाऱ्याचे काम एकमेकांत मिसळलेले असे. जो अभ्यासक एकच कारण मनात धरून येई, त्याला तेवढेच दिसे. बाकीच्या खुणा डोळ्यांसमोर असूनही नजरेतून निसटत. हा दोष बुद्धीच्या उणिवेचा नव्हता. चांगले, प्रामाणिक लोकही त्यात सापडत होते.

१८८७ मध्ये चेंबरलिन विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. या पदावर असतानाच, १८८९ मध्ये त्यांनी निसर्गशास्त्रज्ञांच्या एका संस्थेपुढे आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. अनेक कार्यकारी परिकल्पनांची पद्धत, हा त्याचा विषय होता.

त्यातील विवेचन असे. कोणतीही नवी गोष्ट दिसली की माणूस चटकन एखादे स्पष्टीकरण देतो. ते स्पष्टीकरण आपले स्वतःचे असल्यामुळे त्याच्यावर अपत्यासारखी माया जडते. मग अनुकूल पुरावा आवडू लागतो, प्रतिकूल पुराव्याकडे काणाडोळा होतो आणि तात्पुरता तर्क बघता बघता सत्ताधारी सिद्धांत होऊन बसतो. यावर उपाय म्हणून विज्ञानाने कार्यकारी परिकल्पनेची रीत स्वीकारली. या रीतीत परिकल्पना हे साध्य मानले जात नाही, ते शोधाचे हत्यार असते. पण परिकल्पना एकच असेल, तर तिच्यावरही माया जडण्याचा धोका उरतोच. म्हणून चेंबरलिन यांनी सुचविले की, अभ्यासकाने आरंभीच सर्व संभाव्य स्पष्टीकरणे मांडावीत, एका अपत्याऐवजी साऱ्या कुटुंबाचे पालकत्व घ्यावे आणि कोणाही एकाचे नसते लाड करू नयेत.

या पद्धतीचा आणखी एक लाभ त्यांनी दाखविला. अनेक कारणे मनात असली, तर ती सर्व एकाच वेळी कमीअधिक प्रमाणात खरी असू शकतात, हेही लक्षात येते. उत्तर अमेरिकेतील विशाल सरोवरांच्या खोलगट भागांचे उदाहरण त्यांनी दिले. ही खोरी नद्यांनी कोरली असे कोणी म्हणे, कोणी ते श्रेय हिमनद्यांना देई, तर कोणी भूकवच वाकल्याचे सांगे. चेंबरलिन यांच्या मते यांपैकी एकाची निवड करण्यात अर्थ नव्हता. कोणत्या कारणाचा वाटा किती, हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारल्याबरोबर शोधायच्या पुराव्याचे स्वरूपच पालटून जात होते.

आपल्या पद्धतीचे तोटेही त्यांनी लपवले नाहीत. अनेक धागे एकदम हाताळणारा विचार शब्दांत मांडणे कठीण असते, कारण भाषा एका वेळी एकच वाट चालते. शिवाय सतत पर्याय तोलणाऱ्या माणसाची निर्णयशक्ती दुबळी होण्याची भीती असते. तरीही विद्यार्थ्याला या वाटेने नेणे त्यांना आवश्यक वाटे. इतरांनी केलेला विचार समजून घेणे आणि स्वतः विचार करणे, हे अभ्यासाचे दोन वेगळे प्रकार आहेत, असे ते मानत. दुसऱ्या प्रकाराची सवय लहान वयात लागली नाही, तर ती पुढे सहसा लागत नाही, याची त्यांना जाणीव होती.

१८९२ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठात ते भूशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. संपूर्ण विद्यापीठाचा कारभार सोडून एका विभागाकडे येणे हा अनेकांना उलटा प्रवास वाटला असेल; पण अध्यापन आणि संशोधन यांसाठी त्यांना मोकळीक हवी होती. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जर्नल ऑफ जिऑलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र लेखमाला होती. १८९७ मध्ये आपला निबंध सुधारून त्यांनी तो याच लेखमालेत पुन्हा छापला. आपले म्हणणे प्रथम कोणापर्यंत पोहोचावे, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता. सहकारी रोलिन सॅलिसबरी यांच्यासह लिहिलेला भूशास्त्राचा तीन खंडांचा ग्रंथ १९०४ ते १९०६ या काळात प्रसिद्ध झाला.

या पद्धतीचा कस लागला तो लॉर्ड केल्व्हिन यांच्याशी झालेल्या वादात. केल्व्हिन हे त्या काळातील सर्वांत दबदबा असलेले भौतिकशास्त्रज्ञ. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेतून थंड होत आली, असे धरून त्यांनी तिचे वय दोन ते चार कोटी वर्षे काढले होते, आणि दोन कोटींकडे त्यांचा कल अधिक होता. भूशास्त्रज्ञांना एवढा काळ अपुरा वाटे. पण गणितापुढे बोलायचे कसे? १८९९ मध्ये चेंबरलिन यांनी उत्तर दिले. त्यांनी केल्व्हिन यांच्या आकडेमोडीला हात लावला नाही. तिच्या पायाशी असलेली गृहीते तपासली. पृथ्वी आरंभी वितळलेली होतीच, हे कशावरून? उष्णतेचे सर्व स्रोत आपल्याला ठाऊक आहेत, हे कशावरून? अणूंच्या अंतर्रचनेत प्रचंड ऊर्जा दडलेली असू शकेल, अशी शक्यताही त्यांनी मांडली. अवघ्या चार वर्षांनी, १९०३ मध्ये, रेडियममधून सतत उष्णता बाहेर पडते, हे पिएर क्यूरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी दाखविले. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

हिमयुगांच्या कारणांचा शोध घेताना चेंबरलिन हवेतील कार्बन डायऑक्साइडकडे वळले. खडकांची झीज, महासागर आणि वातावरण यांच्यातील या वायूच्या देवघेवीतून हवामान कसे बदलत असेल, याची मांडणी त्यांनी १८९७ ते १८९९ या काळात केली. पुढे या कल्पनेवरील त्यांचा स्वतःचाच विश्वास ओसरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो विषय पुन्हा हवामानशास्त्राच्या मध्यभागी आला.

याच शोधात एक पुरावा भारतातून त्यांच्यापुढे आला. ओडिशातील तालचेर येथे १८५६ मध्ये फार जुन्या काळातील हिमनदीच्या गाळाचे थर ओळखले गेले होते. पुढे चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या परिसरात ओरखडे पडलेले खडकही सापडले. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही तसेच थर मिळाले. पृथ्वी उष्ण अवस्थेतून सावकाश थंड होत आली असेल, तर एवढ्या प्राचीन काळी आजच्या उष्ण प्रदेशांत बर्फ कसा? या प्रश्नाने चेंबरलिन यांना लाप्लास यांच्या तेजोमेघ सिद्धांताबद्दल शंका घेण्यास भाग पाडले. गणिती फॉरेस्ट रे मोल्टन यांच्यासह त्यांनी पर्यायी कल्पना मांडली. सूर्याजवळून गेलेल्या ताऱ्यामुळे सूर्यातील द्रव्य बाहेर ओढले गेले, त्याचे थंड लहान पिंड बनले आणि ते एकत्र येऊन ग्रह घडले, अशी ती कल्पना होती. जवळून गेलेल्या ताऱ्याचा भाग पुढे टिकला नाही. लहान पिंडांच्या संचयातून ग्रह बनतात, हा विचार मात्र आजच्या ग्रहविज्ञानातही मान्य आहे.

येथेच या चरित्रातील मोठी विसंगती दिसते. अपत्यप्रेमाचा धोका जगाला समजावून सांगणारे चेंबरलिन पृथ्वीच्या जन्मकथेत स्वतःच गुंतून पडले. पृथ्वी आरंभापासून घनरूप आहे आणि खंड व महासागर आपापल्या जागी स्थिर आहेत, हे त्यांच्या मांडणीत गृहीत होते. त्याच भारतीय आणि आफ्रिकी हिमथरांचा आधार घेऊन आल्फ्रेड वेगेनर यांनी हे खंड एकेकाळी जोडलेले होते, असे सांगितले. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे या विषयावर परिसंवाद झाला, तेव्हा खंडवहनावर कडाडून टीका करणाऱ्यांत चेंबरलिन यांचे पुत्र आणि शिकागोतील प्राध्यापक रोलिन होते. ज्या विभागातून अनेक परिकल्पनांचा मंत्र निघाला, तेथेच एका परिकल्पनेसाठी दार बंद झाले. १९६० च्या दशकात भूपट्ट सिद्धांताने खंडांच्या हालचालीवर शिक्कामोर्तब केले.

पण त्याच विभागाने जे. हार्लन ब्रेट्झ यांच्यासारखा विद्यार्थीही घडविला. १९१३ मध्ये शिकागोतून डॉक्टरेट मिळविलेल्या ब्रेट्झ यांनी वॉशिंग्टन राज्यातील उजाड खडकाळ भूप्रदेश एका महाप्रलयाने कोरला, असे १९२३ मध्ये मांडले. मान्यवरांनी ते धुडकावले. पण पुरावा ब्रेट्झ यांच्या बाजूने उभा राहिला. अमेरिकन भूशास्त्र संस्थेने १९७९ मध्ये त्यांना पेनरोज पदक दिले. हेच पदक १९२७ मध्ये सुरू झाले, तेव्हा पहिला मान चेंबरलिन यांना मिळाला होता.

चेंबरलिन १९१८ मध्ये विभागातून निवृत्त झाले, तरी त्यांचे लेखन थांबले नाही. सूर्यमालेच्या उत्पत्तीवरील त्यांचे अखेरचे पुस्तक १९२८ मध्ये आले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, वयाच्या ८५ व्या वर्षी, शिकागो येथे त्यांचे निधन झाले. 'सायन्स'ने १९६५ मध्ये त्यांचा निबंध पुन्हा छापला, तेव्हा भौतिकी आणि जीवशास्त्राच्या तरुण संशोधकांनीही तो आवडीने वाचला.

त्यांचे अनेक सिद्धांत मागे पडले. विचार करण्याची शिकवण मात्र उरली. टेकडीवर नेलेल्या विद्यार्थ्याला तिचे नाव सांगण्याआधी, ती कोणकोणत्या प्रकारे तयार झाली असेल आणि प्रत्येक शक्यता खोटी ठरविण्यासाठी काय शोधावे लागेल, हे विचारणारा शिक्षक चेंबरलिन यांचीच वाट चालत असतो. ही वाट किती अवघड आहे, याची साक्ष खुद्द चेंबरलिन यांच्या आयुष्यानेच दिली आहे. म्हणूनच ती एकदा शिकून भागत नाही. नव्या प्रश्नाबरोबर ती पुन्हा शिकावी लागते.