राणी हत्शेपसूत
प्राचीन इजिप्तवर सुमारे इ.स.पू. १४७९ ते १४५८ या काळात हत्शेपसूत हिने राज्य केले. पती दुसरा थुतमोस याच्या निधनानंतर तिने प्रथम अल्पवयीन सावत्र मुलाच्या नावे कारभार पाहिला. पुढे स्वतःच राजपद धारण केले. राजा पुरुषच असावा, अशी तेथील परंपरा होती. म्हणून देर अल-बहरी येथील मंदिरासाठी घडवलेल्या तिच्या अनेक पुतळ्यांना शिल्पकारांनी राजचिन्ह म्हणून कृत्रिम दाढी दिली. कोरीव लेखांत मात्र तिचा उल्लेख अनेकदा स्त्रीलिंगीच राहिला. तिच्या मृत्यूनंतर सावत्र मुलाच्या कारकिर्दीत हे पुतळे फोडून खड्ड्यांत टाकण्यात आले. १९२० च्या दशकातील उत्खननात त्यांचे असंख्य तुकडे सापडले. संशोधकांनी ते धीराने जुळवले आणि विस्मृतीत गेलेल्या या राणीचा चेहरा जगाला पुन्हा दिसला.